अंतर एकच, मग विमानाला लागणारा वेळ वेगवेगळा का?

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं आपलं थेट विमान उलट्या दिशेने न्यायला सुरुवात केली. तोवर ते पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जायचं. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. आता ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून निघालं आणि रस्ता १५,३०० किलोमीटरचा झाला. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन तास आधी. याच दोन विमानतळांमधलं अंतर इंटरनेटवर शोधलं तर मात्र तिसराच आकडा समोर येतो: साधारण १२,४०० किलोमीटर.

हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. इंटरनेटवरचा आकडा जमिनीवरच्या दोन बिंदूंमधला आहे, आणि तो पृथ्वीच्या आकारावरून निघतो. विमान हवेतून जातं, आणि ती हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असते. खाली डोंगर, समुद्र आणि देशांच्या सरहद्दी असतात. त्यामुळे अंतर एकदा मोजलं की कायमचं, पण वेळ रोज नव्याने ठरतो. हा फरक एकदा नीट लक्षात आला, की तिकिटावरचे आकडे, समोरच्या स्क्रीनवरचा वाकडा मार्ग आणि 'जाताना जास्त, येताना कमी' हे कोडं सगळं आपोआप उलगडायला लागतं.

जवळचा रस्ता नकाशावर वाकडा का दिसतो

आधी अंतराकडे पाहू. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावरचा. त्याचे अक्षांश-रेखांश जगभर प्रसिद्ध असतात. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे या दोन बिंदूंमधलं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारं कमीत कमी अंतर.

सपाट कागदावर कमीत कमी अंतर सरळ रेषेत असतं. गोलावर ते बृहद्‌वृत्तावर असतं. गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं कुठलंही वर्तुळ म्हणजे बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे बृहद्‌वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्तं मिळूनही बृहद्‌वृत्तच होतं. बाकीची अक्षवृत्तं मात्र तशी नाहीत, आणि घोळ इथूनच सुरू होतो. दोन ठिकाणं एकाच अक्षवृत्तावर असली की त्याच रेषेवरून सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जाणं जवळचं असणार, असं आपल्याला वाटतं.

हे पडताळून पाहायला एक हिशेब पुरेसा आहे. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना असलेले दोन बिंदू घ्या. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, ६० अंशांवरच्या अक्षवृत्ताचा घेर त्याच्या बरोबर निम्मा, म्हणजे २०,००० किलोमीटर. या अक्षवृत्तावरून अर्धी फेरी मारली तर १०,००० किलोमीटर होतात. आता सरळ उत्तरेला चला. ध्रुव ३० अंशांवर आहे, तो ओलांडला की पुढे आणखी ३० अंश उतरायचं, एकूण ६० अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार केला की येतात सुमारे ६,६६० किलोमीटर. रस्त्याचा एक तृतीयांश भाग वाचला, आणि सगळ्या प्रवासात पूर्वेला किंवा पश्चिमेला एक पाऊलही टाकावं लागलं नाही.

प्रत्यक्षातलं उदाहरण बीजिंग आणि न्यूयॉर्कचं. दोन्ही शहरं ४० अंश उत्तरेच्या आसपास आहेत. अक्षवृत्त धरून गेलं तर १४,००० किलोमीटरहून जास्त पडतात, बृहद्‌वृत्तावरून सुमारे ११,०००. हा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. दक्षिण गोलार्धात हेच उलट होतं. सिडनी आणि चिलीमधलं सँटियागो दोन्ही ३४ अंश दक्षिणेच्या जवळपास आहेत, पण त्यांच्यामधलं बृहद्‌वृत्त थेट ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने खाली उतरतं.

आपल्याला हे मार्ग वाकडे दिसतात कारण आपल्या डोळ्यांपुढे असतो तो मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा. गेरार्डस मर्केटरने १५६९मध्ये तो काढला तो जहाजांसाठी. त्यावर कुठलीही सरळ रेषा ओढली तर होकायंत्राची दिशा न बदलता त्या रेषेवरून जाता येतं. खलाशांना हे सोयीचं होतं. पण ही सोय मिळवताना ध्रुवांकडचा प्रदेश प्रमाणाबाहेर ताणला गेला. त्या ताणलेल्या प्रदेशातून जाणारा जवळचा मार्ग मग फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. बृहद्‌वृत्तावरून जाताना दिशा सतत बदलत राहते: लंडनहून न्यूयॉर्कला जाणारा मार्ग निघताना वायव्येकडे झुकलेला असतो आणि पोचताना नैर्ऋत्येकडे वळलेला. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल तो जवळचा रस्ता. मुलांना हे दाखवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

हिशेबाची आणखी एक बारीक बाजू आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडे तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाकडे ६,३५७. बरीचशी सोपी गणनयंत्रं ६,३७१ ही सरासरी धरून चालतात. त्यांच्या हिशेबाने लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यात सुमारे ५,५४० किलोमीटर येतात. ध्रुवांपाशी दबलेला खरा आकार धरून हिशेब केला तर ५,५५५च्या आसपास येतात. म्हणून दोन ठिकाणी पाहिलेल्या आकड्यांत दहा-पंधरा किलोमीटरचा फरक दिसला तर कुणाचं चुकलंय असं समजू नका. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं, तेव्हा त्याचा कंस जमिनीवरच्या कंसापेक्षा मोठा असणार, अशीही शंका कुणाला येईल. ती खरी आहे, पण फरक हजारात दोनाहूनही कमी. लंडन-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात तो दहा किलोमीटरही भरत नाही.

जास्त गोंधळ होतो तो मैलांनी. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैल वापरतात, कारण अक्षांशाचा एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग जवळजवळ तेवढाच भरतो. लंडन ते न्यूयॉर्क हे एकच अंतर ५,५५५ किलोमीटर, ३,४५० मैल आणि ३,००० सागरी मैल अशा तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आकडा वाचताना एकक पाहिलं नाही, तर वेळेचा अंदाज तिथेच फसतो.

मग विमान त्या रेषेवरून का जात नाही

जातं, पण जमेल तेवढंच. सुटताना वारा ज्या दिशेने येतोय त्या दिशेला तोंड करून धावपट्टीवरून उडावं लागतं, मग ठरलेल्या वाटेने वळून मार्गाला लागायचं. उतरतानाही तसंच. मधल्या टप्प्यात हवाई मार्गांचं जाळं असतं, आणि वाहतूक नियंत्रक विमानांमध्ये पुरेसं अंतर ठेवत त्यांना पुढे सरकवतात. यात प्रत्यक्ष रस्ता बृहद्‌वृत्तापेक्षा थोडा लांबतोच. छोट्या उड्डाणांत हे वाढीव अंतर प्रमाणाने जास्त असतं, लांबच्या उड्डाणांत दोन-चार टक्क्यांत भागतं.

मोठे वळसे पडतात ते वेगळ्या कारणांनी. त्यातली दोन कारणं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण दोन्हींच्या मुळाशी 'काही बिघडलं तर काय' हा एकच प्रश्न आहे.

पहिलं तिबेटचं पठार. त्याची सरासरी उंची ४,५०० मीटरच्या आसपास आहे. विमान त्याच्या दुपटीहून उंचावरून जातं, मग अडचण कसली? केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर प्रवाशांसमोर ऑक्सिजनचे मुखवटे पडतात. बहुतेक विमानांत या मुखवट्यांना पुरणारा ऑक्सिजन साधारण पाव तासाचा असतो. तेवढ्या वेळात विमानाने १०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३,००० मीटरवर उतरायचं, जिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. पण तिबेटवर ३,००० मीटरवर हवा नाही, जमीन आहे. म्हणून विमानं या पठाराला शक्यतो वळसा घालतात. जी थोडी त्यावरून जातात त्यांना सुटकेच्या वाटा आधीच आखून ठेवाव्या लागतात आणि ऑक्सिजनही जास्त बाळगावा लागतो.

दुसरं कारण इंजिनांचं. अमेरिकेत १९५३मध्ये नियम झाला की दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर साठ मिनिटांत एखादा विमानतळ गाठता येईल, इतक्याच अंतरात राहायचं. महासागर ओलांडणं त्यामुळे तीन किंवा चार इंजिनांच्या विमानांकडेच राहिलं. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ही मर्यादा वाढत गेली. १९८५मध्ये ती १२० मिनिटं झाली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिकवरून सर्रास जाऊ लागली, पुढे १८० मिनिटं झाली, आणि एअरबस ए३५०-९००ला २०१४मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळाली. सिडनी-सँटियागोसारख्या, आजूबाजूला हजारो किलोमीटर विमानतळच नसलेल्या मार्गांवर ही मिनिटंच ठरवतात की विमानाने किती दक्षिणेला उतरायचं. दोन विमानतळ तेच, अंतर तेच, पण विमानाचा परवाना वेगळा असला की रस्ता वेगळा.

आणि मग देशांच्या सरहद्दी. २०२२मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाची हवाई हद्द युरोपातल्या विमान कंपन्यांना बंद झाली. हेलसिंकी ते टोकियो हे बृहद्‌वृत्तावरचं अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक रस्ता रशियावरून. पूर्वी साडेनऊ तासांत होणाऱ्या या उड्डाणाला आता तेरा तासांच्या आसपास लागतात. विमान एकतर उत्तर ध्रुवावरून जातं किंवा दक्षिणेकडून मध्य आशियाला धरून. पृथ्वीवरचं एकही ठिकाण हललेलं नाही, अंतराच्या तक्त्यात हेलसिंकी-टोकियोचा आकडा जसाच्या तसा आहे. प्रवाशाचे साडेतीन तास मात्र वाढले.

वेग: कुणाच्या मानाने?

जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाशी तुलना करून सांगतात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटर भरतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० साधारण त्याच्या ८५ टक्के वेगाने जातात, म्हणजे ताशी ९००. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० साधारण ७८ टक्क्यांनी, म्हणजे ताशी ८३०च्या आसपास. याहून वेगाने जाता येतं, पण ध्वनीच्या वेगाजवळ पोचताना हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधन त्याच पटीत खर्ची पडतं. काँकर्डने तो उंबरठा ओलांडला होता. ७ फेब्रुवारी १९९६ला त्याने न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५३ मिनिटांत पार केलं. २००३मध्ये ते सेवेतून गेलं आणि त्यानंतर प्रवासी विमानांचा वेग जिथल्या तिथे आहे.

पण ताशी ९०० हा वेग हवेच्या मानाने आहे. विमानाला फक्त हवा कळते. नदीतली होडी जशी पाण्याला रेटत पुढे जाते आणि पाणी तिला आणखी कुठेतरी नेत असतं, तसंच हे आहे. काठावरून पाहणाऱ्याला दोन्हींची बेरीज किंवा वजाबाकी दिसते. हवेच्या मानाने ९०० आणि मागून १५० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग १,०५०. तोच वारा समोरून आला तर ७५०.

आणि या उंचीवर १५० किलोमीटरचा वारा ही रोजची गोष्ट आहे. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, नऊ ते सोळा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचे अरुंद पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. दोन्ही गोलार्धांत त्यांची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच असते, कारण पृथ्वी त्याच दिशेने फिरते आणि ध्रुवांकडे सरकणाऱ्या हवेला त्या बाजूला वळवते. हिवाळ्यात गरम-थंडातला फरक वाढतो आणि वारे जास्त जोरात वाहतात. कधीकधी ताशी ३००-४०० किलोमीटरपर्यंत जातात.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी. १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी उंचावरच्या वाऱ्यांची नोंद केली आणि ती एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केली, जगभरच्या लोकांना वाचता यावी म्हणून. दुर्दैवाने ती फारशी कुणी वाचली नाही. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर ३०,००० फुटांच्या आसपास पोचली तेव्हा वैमानिकांना हा वारा थेट अंगावर झेलावा लागला. ज्या देशात त्याची मोजणी वीस वर्षं आधी झाली होती, त्याच देशाच्या आकाशात.

आता लोक नेहमी विचारतात त्या गोष्टीकडे येऊ. जाताना वारा जेवढा आडवा येतो तेवढाच येताना मदत करतो, म्हणजे हिशेब चुकता व्हायला हवा ना? होत नाही. ५,६०० किलोमीटरचा प्रवास घ्या, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर एका बाजूला ६ तास १३ मिनिटं, येऊन-जाऊन १२ तास २६ मिनिटं. आता १५० किलोमीटरचा वारा सोडा. वाऱ्याबरोबर ५ तास २० मिनिटं, वाऱ्याविरुद्ध ७ तास २८ मिनिटं. बेरीज १२ तास ४८ मिनिटं. बावीस मिनिटं गेली. कारण सरळ आहे: विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून वाऱ्याला नुकसान करायला जास्त वेळ मिळतो, आणि अनुकूल वारा मदत करतो तो कमी वेळ.

यावरचा तोडगा म्हणजे जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा. उत्तर अटलांटिकवर हे रोज होतं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं शॅनविक आणि कॅनडाच्या बाजूचं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज घेऊन महासागरावर समांतर मार्ग आखतात. पूर्वेला जाणारे जेट स्ट्रीममध्ये बसवलेले, पश्चिमेला जाणारे तिला टाळणारे. उद्याचे मार्ग आजच्यासारखे नसतात. सुरुवातीला सांगितलेल्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाणात कंपनीने याच्याही पुढचं पाऊल टाकलं: वारा टाळण्याऐवजी पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालून त्याच्यावर स्वार व्हायचं.

या वाऱ्याचं सगळ्यात ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२०मधलं. कियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३२०च्या पुढे गेला होता. त्या उंचीवरच्या ध्वनीच्या वेगापेक्षा हा आकडा मोठा, तरीही विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नाही. भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने जात होतं.

एक समजूत अजूनही फार पसरलेली आहे, ती इथेच मिटवतो. पश्चिमेला जाताना पृथ्वी विमानाच्या खालून फिरून मुक्काम जवळ आणते, असं अनेकांना वाटतं. तसं असतं तर पश्चिमेचा प्रवास झटपट झाला असता, आणि प्रत्यक्षात तोच लांबतो. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरते. पण हवाही तिच्याबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. उडाल्यावर तो वेग कुठे जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा वेळेवर जो परिणाम होतो तो जेट स्ट्रीमच्या दिशेतून होतो.

तिकिटावरचा वेळ

तिकिटावर छापलेला वेळ उड्डाणाचा नसतो. विमान गेटपासून मागे सरकतं त्या क्षणापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. यात जमिनीवर रांगत जाणं आलं. अॅम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरची पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे, की तिथे उतरल्यावर गेटपर्यंत यायला दहा ते वीस मिनिटं लागतात. खिडकीतून पाहताना विमान महामार्ग ओलांडून चाललेलं दिसतं. बृहद्‌वृत्ताच्या आकड्यात यातलं काहीच नसतं.

चढण्या-उतरण्याचाही वेळ असतो. अनेक देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. पूर्ण उंची गाठेपर्यंत दीड-दोनशे किलोमीटर जातात, आणि उतरायला सुरुवात मुक्कामाच्या साधारण दोनशे किलोमीटर आधी होते. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणात मग पूर्ण वेगाचा टप्पा शंभरेक किलोमीटरचाच उरतो. म्हणूनच अंतर निम्मं झालं की वेळ निम्मा होत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथे सरासरी वेग ताशी ८१ किलोमीटर पडतो.

विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागाही ठेवतात. अमेरिकेत विमान ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत गेटवर आलं तर ते 'वेळेवर' धरतात. गर्दीच्या विमानतळांसाठी म्हणून वेळ वाढवून छापला जातो. वैमानिकाने 'आपण वीस मिनिटं आधी पोचतोय' असं सांगितलं, तर त्यामागे बहुधा चांगला वारा आणि ही सैल जागा असे दोघेही असतात.

घड्याळांचा गुंता वेगळाच. सुटण्याची वेळ तिथली, पोचण्याची इथली, मधला फरक म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. टोकियोहून रात्री नऊला निघालेलं विमान सात तासांनी होनोलुलूला उतरतं तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, कारण मध्ये आंतरराष्ट्रीय वार रेषा ओलांडली जाते आणि होनोलुलू टोकियोच्या एकोणीस तास मागे आहे. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदलून घ्या आणि मग वजाबाकी करा, म्हणजे चुकायचं नाही. उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांत हा फरक वर्षातून दोनदा बदलतो.

स्वतः अंदाज करायचा असेल तर

बृहद्‌वृत्ताचं अंतर घ्या आणि त्यात तीन टक्के मिळवा, छोट्या उड्डाणाला थोडे जास्त. लांबच्या पल्ल्याला ८८०ने भागा, लहान पल्ल्याला ८००ने. चढण्या-उतरण्यासाठी पंचवीस मिनिटं आणि जमिनीवरच्या वेळेसाठी अर्धा तास धरा.

लंडन-न्यूयॉर्कवर करून पाहू. ५,५५५मध्ये तीन टक्के मिळवले की सुमारे ५,७२०. ८८०ने भागलं की साडेसहा तास. त्यात पंचावन्न मिनिटं मिळवली की ७ तास २५ मिनिटं. वेळापत्रकात पूर्वेला सुमारे सात तास आणि पश्चिमेला आठ तास दिसतात, आपला आकडा बरोबर मध्ये बसला. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे जगातल्या सगळ्यात लांब नियमित उड्डाणांपैकी एक, सुमारे १५,३५० किलोमीटर. हाच हिशेब तिथे १८ तास ५५ मिनिटांच्या आसपास येतो, आणि वेळापत्रकातला आकडाही पावणेएकोणीस तासांच्या जवळपासच असतो.

मधला आकडा मिळाल्यावर दिशा पाहा. मार्ग मध्य अक्षांशांतून पूर्व-पश्चिम जात असेल तर सहा ते आठ टक्के पूर्वेसाठी कमी करा आणि पश्चिमेसाठी वाढवा, हिवाळ्यात त्याहून थोडे जास्त. मार्ग उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताजवळून जात असेल तर हा फरक बराच कमी ठेवा. मग नकाशा उघडून मध्ये कुठली हवाई हद्द बंद आहे का ते बघा, कारण ते कुठल्याच सूत्रात येत नाही. पुढचं विमान पकडायचं असेल, तर वेळापत्रकावर किंवा माझ्या या सूत्रावर विसंबू नका: विमानांचा माग दाखवणाऱ्या सेवांवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या गेल्या काही दिवसांतल्या प्रत्यक्ष वेळा दिसतात. त्यातली सगळ्यात उशिराची वेळ धरून मधलं अंतर ठेवा.